हाडांभोवतीचा काळा डाग

जर्मनीच्या नैऋत्येला, श्टुटगार्टपासून जवळच, होल्ट्समाडेन नावाचं गाव आहे. तिथला दगड काळसर, पातळ थरांचा, पाटीसारखा उकलणारा. फरशीसाठी आणि टेबलांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या खणून काढला गेला. हा दगड उकलताना त्यातून सांगाडे निघतात. मासे निघतात, मगरी निघतात, आणि इक्थिओसॉर नावाचे समुद्रात राहणारे सरपटणारे प्राणी तर शेकड्यांनी निघाले आहेत. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे तळाला गेलेलं मढं कुरतडायला तिथे खेकडे-किडे जगूच शकत नव्हते. मढं बारीक चिखलात रुतून बसायचं आणि वर चिखल साचत जायचा.

एकोणिसाव्या शतकात हे सांगाडे साफ करून संग्रहालयांना विकण्याचा व्यवसायच होता. हाड दिसलं की भोवतीचा दगड छिन्नीने काढायचा, हाड स्वच्छ उठून दिसलं पाहिजे, एवढंच कसब त्यात मानलं जाई. हाडांभोवती पुष्कळदा एक पातळ काळपट थर असे. तोही दगडाबरोबर खरवडला जाई. 1892 च्या सुमारास बर्नहार्ड हाउफ या तरुणाने तो थर न खरवडता त्याच्या कडेपर्यंत हळूहळू काम करून पाहिलं. आणि त्या काळ्या डागाला आकार निघाला. तो प्राण्याच्या कातडीचा आकार होता. पाठीवर त्रिकोणी पर होता, ज्यात एकही हाड नव्हतं. शेपटीला चंद्रकोरीसारखी दोन पाती होती आणि त्यांतल्या वरच्या पात्यातही हाड नव्हतं. त्याआधीची सत्तर-ऐंशी वर्षं माणसं या प्राण्यांचा अभ्यास करत होती, त्यांची चित्रं आणि पुतळे करत होती. 1854 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत उभे केलेले इक्थिओसॉरचे पुतळे आजही तिथे आहेत. त्यांच्या पाठीवर पर नाही आणि ते मगरीसारखे काठाला पसरलेले आहेत. त्या शिल्पकाराचा यात दोष नव्हता. हाडं सांगतील तेवढंच त्याने घडवलं.

मला या प्रकरणात म्हणायचं आहे ते हेच. प्राचीन समुद्रातल्या या सरपटणाऱ्या प्राण्यांचा विषय निघाला की आपण लांबी विचारतो, दात किती मोठे ते विचारतो. हाडं त्याची उत्तरं देतात. पण हे प्राणी जगत कसे होते, पोहायचे कसे, खायचे काय, पिल्लं कशी व्हायची, हे आपल्याला कळलं ते बहुतेक वेळा हाडांभोवतीच्या अशा गोष्टींतून, ज्या आधी कुणीतरी खरवडून टाकल्या होत्या, मोडतोड म्हणून दुर्लक्षिल्या होत्या किंवा चुकीच्या नावाने ओळखल्या होत्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हे प्राणी डायनोसॉर नव्हते. डायनोसॉर जमिनीवर होते त्याच काळात समुद्रात राहणारी ही वेगळी कुळं. त्यांतली तीन महत्त्वाची. इक्थिओसॉर, आकाराने माशासारखे. प्लेसिओसॉर, चार वल्ह्यांचे, त्यांतले बरेच लांब मानेचे. आणि सगळ्यात उशिरा आलेले मोसासॉर, जे आजच्या घोरपडीच्या आणि सापांच्या नात्यातले. तिन्ही कुळांचे पूर्वज जमिनीवर चालणारे होते. तिन्ही स्वतंत्रपणे समुद्रात उतरली. तिघांनाही श्वास घ्यायला पाण्याबाहेर डोकं काढावं लागे. कल्ले कुणालाही परत मिळाले नाहीत.

या अभ्यासाची सुरुवात झाली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम रेजिस या गावात. तिथे चुनखडी आणि शेल यांचे निळसर-राखाडी थर एकाआड एक रचलेले कडे आहेत, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचे. हिवाळ्यातल्या वादळात कडे ढासळतात आणि आतले जीवाश्म किनाऱ्यावर येतात. रिचर्ड अ‍ॅनिंग हा सुतार फावल्या वेळात ते गोळा करून प्रवाशांना विकायचा आणि मुलांनाही बरोबर न्यायचा. 1810 साली तो कर्ज मागे ठेवून वारला. पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा जोसेफ याला कड्यात सुमारे चार फूट लांबीची एक कवटी सापडली. बाकीचा सांगाडा त्याची धाकटी बहीण मेरी हिने पुढच्या वर्षी शोधला. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. तो सांगाडा 23 पौंडांना विकला गेला आणि पुढे लंडनला पोहोचला. 1814 साली सर एव्हरार्ड होम यांनी त्याचं वर्णन छापलं. हा प्राणी मासा, की मगर, की आणखी काही, हे ठरवताना विद्वानांची बरीच वर्षं गेली.

मेरी अ‍ॅनिंगला शाळेचं शिक्षण फारसं मिळालं नाही, पण तिने शास्त्रीय लेख हाताने उतरवून काढले, मासे आणि माकूल कापून त्यांची आतली रचना पाहिली, आणि हाडं कशी बसतात हे तिला अनेक प्राध्यापकांपेक्षा चांगलं कळू लागलं. 1823 च्या डिसेंबरात तिला प्लेसिओसॉरचा पहिला संपूर्ण सांगाडा सापडला. त्याचं चित्र पॅरिसला जॉर्ज क्युव्हिए यांच्याकडे गेलं. त्या काळचा प्राणिशरीराचा सर्वांत मोठा जाणकार म्हणजे क्युव्हिए. त्यांनी शंका घेतली, कारण मानेत पस्तीसच्या आसपास मणके होते आणि कुठल्याही सरपटणाऱ्या प्राण्याची एवढी मान त्यांच्या पाहण्यात नव्हती. दोन प्राण्यांची हाडं जोडली असावीत असं त्यांना वाटलं. हा आरोप टिकला असता तर मेरीची रोजीरोटी संपली असती. 1824 च्या फेब्रुवारीत लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत विल्यम कॉनिबेअर यांनी तो सांगाडा मांडला. तो खरा निघाला आणि क्युव्हिए यांनी आपली शंका मागे घेतली. त्या सभेत मेरीचं नावही घेतलं गेलं नाही. तिला सभेला जाताही आलं नसतं, कारण त्या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते 1919 साली. मेरी 1847 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारली होती.

सांगाड्यांमुळे तिचं नाव झालं, पण मला तिचं जास्त मोठं काम वाटतं ते दगडी गोट्यांचं. लाइमच्या किनाऱ्यावर पिळदार, बोटाएवढे-मुठीएवढे दगड सापडत. लोक त्यांना औषधी गुणाचे खडे समजत. मेरीच्या लक्षात आलं की हे गोटे इक्थिओसॉरच्या सांगाड्यात नेमके पोटाच्या जागी सापडतात. तिने ते फोडून पाहिले. आत माशांची हाडं होती, खवले होते, लहान इक्थिओसॉरची हाडंही होती. तिच्या निरीक्षणांवर विल्यम बकलंड यांनी 1829 मध्ये निष्कर्ष छापला की ही दगड झालेली विष्ठा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोण कुणाला खात होतं याचा तो पहिला थेट पुरावा होता. तोवर जीवाश्म म्हणजे मेलेल्या प्राण्यांचे अवशेष. आता ते एका जिवंत समुद्राचे अवशेष झाले, ज्यात भूक होती आणि शिकार होती. त्याच कड्यांत बेलेम्नाइट या माकुलाच्या नात्यातल्या प्राण्यांची शाईची पिशवीही तिला सापडली, वाळलेल्या शाईसकट. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती शाई पाण्यात कालवून त्याच शाईने जीवाश्मांची चित्रं काढली.

आता शेपटीकडे येऊ, कारण तिची कथा फार बोधक आहे. इक्थिओसॉरच्या सांगाड्यांत शेपटीचा कणा टोकाकडे एकाएकी खाली वळलेला दिसे. एखाद-दुसऱ्या नमुन्यात नव्हे, एकामागून एक नमुन्यांत. मणका निखळला असं समजून साफसफाई करणारे कधी कधी तो सरळही करून ठेवत. 1838 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी विचारलं की सगळ्यांची शेपूट एकाच जागी का मोडावी? त्यांचा तर्क असा, की तिथे उभं, जड, मांसल पर असलं पाहिजे आणि मेल्यानंतर त्याच्या भाराने कणा मोडत असला पाहिजे. पराबद्दलचा अंदाज बरोबर होता. मोडण्याबद्दलचा चूक. हाउफच्या नमुन्यांनी पन्नासेक वर्षांनी दाखवलं की कणा मोडलेलाच नव्हता, तो जन्मतःच खाली वळलेला होता आणि चंद्रकोरीच्या खालच्या पात्याला आधार देत होता. शार्कमध्ये कणा वरच्या पात्यात जातो, इथे खालच्या. म्हणजे ज्याला मोडतोड म्हणत होते ती शरीराची रचना होती.

अशी शेपूट असलेला प्राणी अंग नागमोडी हलवत पोहत नाही. धड ताठ राहतं आणि सगळा जोर शेपटीत एकवटतो. ट्यूना मासा असाच पोहतो. हा लांब पल्ल्याच्या, उघड्या समुद्रातल्या पोहणाऱ्याचा बांधा आहे. तसं पोहायला शरीरात सतत उष्णता हवी. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2010 मध्ये दातांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर यांचं शरीराचं तापमान सुमारे 35 ते 39 अंश सेल्सियस काढलं. आणि 2018 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले योहान लिंडग्रेन आणि त्यांचे सहकारी पुन्हा त्या काळ्या डागाकडे वळले. होल्ट्समाडेनच्या हाउफ संग्रहालयातल्या एका नमुन्याचा दगडी क्षार त्यांनी रसायनाने विरघळवला, तेव्हा उरलेला कातडीचा तुकडा अजून लवचिक होता. त्यात कातडीचे थर ओळखता आले. त्याखाली चरबीचा थर होता, देवमाशांना असतो तसा. उष्णता धरून ठेवणं हे त्या थराचं काम. पाठीकडच्या कातडीत रंगाच्या पेशी दाट होत्या, पोटाकडे त्या नव्हत्या. वरून पाहणाऱ्याला गडद पाण्यात पाठ दिसू नये आणि खालून पाहणाऱ्याला उजेडात पोट दिसू नये, अशी ही रंगसंगती आज शार्कपासून बांगड्यापर्यंत अनेकांना आहे. 18 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा रंग सांगता येईल असं मेरी अ‍ॅनिंगला कुणी म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता असं मला वाटतं. शाई टिकलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती.

याच गटाने 2025 मध्ये टेम्नोडोंटोसॉरस या मोठ्या इक्थिओसॉरच्या पुढच्या पायाचा, म्हणजे वल्ह्याचा, कातडीसकट टिकलेला जीवाश्म प्रसिद्ध केला. सुमारे मीटरभर लांबीच्या या वल्ह्याचं टोक हाडांच्या पुष्कळ पुढे गेलेलं आहे आणि मागची कड दातेरी आहे. त्या दातेरी कडेला आतून कूर्चेच्या लहान कांड्यांचा आधार होता. पाणी कापताना होणारा आवाज अशा कडेने कमी होतो. घुबडाच्या पंखाची कडही याच कारणाने झालरीसारखी असते. टेम्नोडोंटोसॉरसचा डोळा 25 सेंटिमीटरच्या आसपास, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी. डोळा आणि वल्हं एकत्र ठेवलं की शिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. अंधुक उजेडात, आवाज न करता जवळ येणारा.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर ऑफ्थॅल्मोसॉरस या त्याच्या नातलगाबद्दल सांगितलं पाहिजे. जेमतेम चार मीटरच्या या प्राण्याचा डोळा 22 सेंटिमीटरचा होता. मऊ डोळा जीवाश्मात टिकत नाही, पण त्याच्याभोवती हाडांच्या पाकळ्यांचं एक कडं असायचं, पक्ष्यांमध्ये आजही असतं, त्यावरून माप मिळतं. एवढा डोळा उथळ, उजेडाच्या पाण्यात लागत नाही. हे प्राणी खोल बुडी मारत होते याची दुसरी साक्ष सांध्यांत आहे. काही सांगाड्यांत खांद्याच्या आणि मांडीच्या हाडाचं टोक खचलेलं, मेलेलं आढळतं. खोलातून फार वेगाने वर आल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, रक्तपुरवठा तोडतो आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. पाणबुड्यांना होणारा हा आजार आहे. ज्युरासिक आणि क्रिटेशस काळातल्या इक्थिओसॉरमध्ये तो दिसतो, त्याआधीच्या ट्रायासिक काळातल्यांत दिसत नाही. ट्रायासिकमध्ये जीव घेऊन पळावं असा वेगवान शत्रू समुद्रात नसल्यामुळे त्यांना घाईने वर येण्याची वेळच येत नव्हती, असा तर्क केला जातो. मला तो पटतो, जरी हाडावरची एक खूण एवढं ओझं पेलते का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो गैर नाही.

खाण्याबद्दल दातांवरून अंदाज बांधायची सवय फार जुनी आहे. टोकदार दात मासे धरायला, जाड बोथट दात कवच फोडायला, धारदार कडांचे दात मांस कापायला. चीनच्या गुईचौ प्रांतात सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीचा एक इक्थिओसॉर 2010 मध्ये खणून काढण्यात आला, पाच मीटर लांबीचा. त्याचे दात बोथट, म्हणून आहार माकुलासारखा मऊ असेल असं कुणीही म्हटलं असतं. पण त्याच्या पोटात दुसऱ्या एका सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचं अख्खं धड होतं, आणि तो प्राणी जिवंतपणी चार मीटरचा होता. धडाला डोकं आणि शेपूट नव्हती, पाय मात्र बऱ्यापैकी शाबूत होते. पोटातल्या आम्लाने हाडं झिजायलाही वेळ मिळाला नव्हता. म्हणजे जेवणानंतर थोड्याच वेळात खाणाराही मेला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या एका इक्थिओसॉर मादीच्या पोटात माशांबरोबर कासवाची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं आणि एक पक्षी सापडला. इतर अनेकांच्या पोटात माकूलवर्गीयांच्या भुजांवरचे काळे आकडे हजारोंनी मिळाले आहेत. मला यातून एवढंच दिसतं की दात शक्यता सांगतात, पोट घडलेलं सांगतं.

कासवाच्या पिल्लांवरून पिल्लांकडे वळू. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत अंडी घालायला येते ते ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना तिचे कष्ट आठवतील. आयुष्यभर समुद्रात राहणाऱ्या या प्राण्याला अंड्यांसाठी जमिनीवर यावंच लागतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यातला गर्भ कवचातून हवा घेतो, ते अंडं पाण्यात राहिलं तर गर्भ गुदमरतो. मग इक्थिओसॉर काय करत होते? त्यांचे पाय चपटी वल्ही झालेली, कंबरेचं हाड कण्यापासून सुटलेलं. असा प्राणी वाळूवर आला असता तर परत जाऊ शकला नसता.

उत्तर दगडात फार आधीपासून होतं. 1846 मध्येच जोसेफ चॅनिंग पिअर्स यांनी एका इक्थिओसॉरच्या कंबरेच्या पोकळीत लहानगा सांगाडा असल्याचं नोंदवलं आणि तो गर्भ असावा असं म्हटलं. पण मोठे प्राणी स्वतःच्या जातीची पिल्लं खात असतील, ही शंका पुढे अनेक वर्षं रेंगाळली. होल्ट्समाडेनने ती मिटवली. तिथल्या स्टेनोप्टेरिजिअस जातीच्या माद्यांत गर्भ एकापेक्षा जास्त, सगळे एकाच वाढीचे, आणि हाडांवर पचनाची खूण नाही. एका प्रसिद्ध नमुन्यात तर पिल्लू शेपटीकडून अर्धं बाहेर आलेलं आहे. ते पाहून बाळंतपणात दगावलेली आई असं लोक म्हणतात. मढं सडताना पोटात साठलेल्या वायूनेही गर्भ बाहेर ढकलला गेला असण्याची शक्यता आहे. दोन्हींतलं काहीही असो, हे प्राणी अंडी घालत नव्हते, जिवंत पिल्लांना जन्म देत होते.

त्याहून आश्चर्याचा नमुना चीनच्या आन्हुई प्रांतातला आहे, सुमारे 24.8 कोटी वर्षांपूर्वीचा. चाओहुसॉरस हा अगदी आरंभीचा इक्थिओसॉर. प्रयोगशाळेत एका माशाचा जीवाश्म साफ करत असताना त्याच शिळेवर या मादीचा भाग उघडा पडला. तिच्याबरोबर तीन पिल्लं होती. एक पोटात, एक जन्मवाटेत, एक बाहेर. र्‍योसुके मोतानी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ते प्रसिद्ध केलं. अडकलेलं पिल्लू डोक्याकडून बाहेर येत होतं. पाण्यातच जन्म देणाऱ्या आजच्या देवमाशांची पिल्लं सहसा शेपटीकडून येतात, जमिनीवरच्या प्राण्यांची डोक्याकडून. यावरून संशोधकांनी असं मांडलं की जिवंत पिल्लं देण्याची पद्धत इक्थिओसॉरच्या पूर्वजांनी जमिनीवर असतानाच आणली होती. समुद्राने ती शिकवली नाही, उलट ती होती म्हणून समुद्रात कायमचं राहणं शक्य झालं. कार्यकारणाचा क्रम असा उलटा होणं मला फार महत्त्वाचं वाटतं. शेपटीकडून जन्मण्यामागचं कारण पिल्लू बुडू नये हेच, की आणखी काही, यावर अजून वाद आहे.

प्लेसिओसॉरच्या बाबतीत हा पुरावा मिळायला 2011 उजाडलं. सांगाडा कॅन्ससमध्ये 1987 मध्येच सापडला होता, पण त्याच्यावर काम व्हायला बराच काळ गेला. रॉबिन ओ'कीफ आणि लुईस च्यापे यांनी दाखवलं की पॉलिकोटायलस जातीच्या त्या सुमारे पावणेपाच मीटरच्या मादीच्या पोटात एकच गर्भ आहे, आणि तो दीड मीटरचा. इक्थिओसॉरला अनेक लहान पिल्लं, प्लेसिओसॉरला एकच मोठं. आज एकच मोठं पिल्लू देणारे समुद्री प्राणी, देवमासे आणि डॉल्फिन, त्याला जवळ ठेवून वाढवतात. प्लेसिओसॉरही कळपाने राहून पिल्लं सांभाळत असावेत अशी कल्पना संशोधकांनी मांडली. हे अनुमान आहे, दगडात दिसलेलं नाही, आणि ते तसंच वाचावं.

प्लेसिओसॉरच्या मानेने मात्र माणसांना खूप चकवलं. एलास्मोसॉरसच्या मानेत 72 मणके आहेत. एडवर्ड कोप यांनी 1860 च्या दशकाच्या शेवटी त्याचा सांगाडा मांडला तेव्हा मानेला शेपूट समजून कवटी दुसऱ्या टोकाला बसवली. जोसेफ लायडी यांनी चूक दाखवल्यावर कोप यांनी छापलेल्या प्रती परत गोळा करायचा प्रयत्न केला. पुढे चित्रकारांनी त्याला हंसासारखी मान उंचावून पोहायला लावलं. ती मान तशी वळत नव्हती आणि पाण्याबाहेर तिचं ओझं पेलणारे स्नायू बसायला जागाही नव्हती. मग एवढी मान कशासाठी? क्वीन्सलंडमधल्या दोन लांब मानेच्या प्लेसिओसॉरच्या पोटात शिंपले, गोगलगाई आणि कवचधारी प्राणी निघाले, म्हणजे निदान काही जण मान खाली घालून तळ चाळत होते. चार सारख्या वल्ह्यांचा उलगडा प्रयोगाने झाला. ल्युक मस्कट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये कृत्रिम वल्ही पाण्याच्या टाकीत हलवून पाहिली. पुढच्या वल्ह्यांनी उठवलेल्या भोवऱ्यांत मागची वल्ही योग्य वेळी हलली तर त्यांचा रेटा 60 टक्क्यांपर्यंत वाढतो. आणि 2025 मध्ये होल्ट्समाडेनचाच एक प्लेसिओसॉर, 1940 साली सापडून अनेक दशकं साफ न करता राहिलेला, अखेर कातडी दाखवू लागला. शेपटीकडे कातडी गुळगुळीत, वल्ह्यांवर मात्र कासवासारखे लहान खवले.

मोसासॉरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची कथा इक्थिओसॉरच्या शेपटीची पुनरावृत्ती आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या चुनखडीच्या खाणीत अठराव्या शतकात त्यांचे प्रचंड जबडे निघाले. आजच्या कुठल्याही प्राण्याशी न जुळणारे हे जबडे क्युव्हिए यांच्या, जाती कायमच्या नष्ट होतात या मतामागच्या पुराव्यांपैकी होते. सरड्याच्या कुळातले म्हणून शंभरहून अधिक वर्षं त्यांची चित्रं लांब, सपाट शेपटीची, वळवळत पोहणारी काढली गेली. 2013 मध्ये जॉर्डनमधल्या प्रोग्नॅथोडॉनच्या एका नमुन्यात शेपटीभोवतीच्या मऊ भागाची छाप सापडली. तीत दोन पाती होती, कणा खालच्या पात्यात वळलेला. कोट्यवधी वर्षांच्या अंतराने दुसऱ्याच कुळाने तोच उपाय शोधला होता, आणि त्यांच्याही शेपटीचं वळण आपण नीट पाहिलं नव्हतं.

इक्थिओसॉर सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी संपले, समुद्रातला ऑक्सिजन आणि हवामान वारंवार ढवळून निघत असलेल्या काळात. प्लेसिओसॉर आणि मोसासॉर 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशापर्यंत होते. मेक्सिकोत आदळलेला अशनी हे त्या विनाशाचं मुख्य कारण मानलं जातं. त्याच सुमारास महाराष्ट्रात लाव्हाचे थरावर थर साचत होते. ज्याला आपण सह्याद्रीचा काळा कातळ म्हणतो तो त्या वेळचा आहे. शेवटचे मोसासॉर पोहत होते तेव्हा तो तयार होत होता. याच कातळाखाली महाराष्ट्राचा बहुतेक जुना खडक झाकला गेला आहे, म्हणून आपल्याकडे असे सांगाडे उघड्यावर येत नाहीत.

भारतात ते नाहीत असं मात्र नाही. तिरुचिरापल्ली भागात मिळालेल्या काही मणक्यांचं वर्णन रिचर्ड लायडेकर यांनी 1879 मध्येच केलं होतं. सलग सांगाडा मिळायला पुढचं जवळजवळ दीड शतक लागलं. कच्छमध्ये भुजजवळच्या लोडाई गावी दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि भारतीय व जर्मन सहकारी यांना सुमारे साडेपाच मीटरचा इक्थिओसॉर सापडला, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा. 2017 मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. भारतातला ज्युरासिक काळातला हा पहिला इक्थिओसॉर. कवटीचा काही भाग आणि शेपटीची काही हाडं गेलेली, पण कणा, बरगड्या आणि पुढचं वल्हं जागच्या जागी. अमोनाइट या वळ्यावळ्यांच्या शंखाच्या समुद्री प्राण्यांनी आणि बेलेम्नाइटांनी भरलेल्या थरात तो पडला होता, आणि त्याच्या दातांची झीज सांगते की तो कवचाचे, कठीण अंगाचे प्राणी फोडून खात असे. तो ऑफ्थॅल्मोसॉरसच्या, म्हणजे मोठ्या डोळ्यांच्या, कुळातला आहे. याच कुळातले प्राणी त्या काळी युरोपच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या समुद्रांत होते. भारत, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका तेव्हा दक्षिणेकडच्या गोंडवन या फुटू लागलेल्या महाखंडाचे भाग होते. त्या फटींत शिरलेल्या समुद्रातून कच्छपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहत जाण्याची वाट मोकळी असावी, आणि ती वापरली जात असावी, असा अंदाज लोडाईच्या हाडांवरून आता बांधता येतो.